खालचा थर

"कुठल्या खोलीला लावायचाय?" दुकानातल्या गेर्दने विचारलं, आणि हेनिंगने मांडलेल्या रंगांकडे न बघताच सांगितलं, "वीस-शून्य-दोन-वाय." आपली जन्मतारीख सांगावी तसं. माझ्या हातात तेव्हा दुसऱ्याच रंगाचं कार्ड होतं, अर्ध्या तासाच्या शोधानंतर मी ते निवडलं होतं, आणि ते त्याला दाखवण्यासाठी मी हात वर केला होता. तो हात तसाच राहिला. आमच्या देशात रंगांना नावं असतात, पण लोक आकडेच वापरतात. पहिले दोन आकडे काळेपणाचे, पुढचे दोन रंग किती दाट त्याचे, मग तो पिवळ्याकडे झुकतो की लालाकडे त्याचं अक्षर, पिवळ्याला वाय, लालाला आर. हे मला कामामुळे माहीत आहे. हेनिंग शाळेत इतिहास शिकवतो. त्याला राजांची सालं पाठ असतात, पण आमच्या इमारतीचं दार उघडायचा चार आकडी क्रमांक तीन वर्षांत पाठ झालेला नाही. अजूनही तो हातात पिशव्या घेऊन खाली थांबतो आणि मला फोन करतो.

"तुला पाठ आहे?" मी विचारलं.

"लक्षात राहिलाय. तूवाच्या तिकडच्या खोलीचा. मीच लावला होता, ती जन्मायच्या आधी."

"अरे वा," गेर्द म्हणाली. ती साठीची आहे आणि आमच्या हेर्नेसांद गावातल्या निम्म्या भिंतींचे रंग तिला ठाऊक आहेत. "बारा वर्षांची ना आता? मग काळा मागेल बघ. सगळ्या काळाच मागतात. नंतर तो झाकायला चार हात लागतात, तेव्हा आया येऊन माझ्यासमोर रडतात."

"तिला आईकडे आहे तसाच हवाय," हेनिंग म्हणाला. "तंतोतंत तसा."

मी माझं कार्ड गेर्दच्या पुढ्यात ठेवलं. वीस-शून्य-पाच, वाय-वीस-आर. तोही राखाडीच, काळेपणा तेवढाच, फक्त रंगाची मात्रा जराशी जास्त आणि लालाकडे किंचित कल. ओट शिजत असताना त्यावर जी साय धरते, तिची सावली असती तर अशी दिसली असती. गेर्दने दोन्ही कार्डं शेजारी धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसली. "या दोघी जुळ्या बहिणी. नवऱ्याला विचारशील तर त्याला फरक कळायचा नाही. त्यांना कुठल्याच दोघींतला कळत नाही." हेनिंगही हसला. मग तिने आम्हाला दोन्ही रंग फासलेले मोठे पुठ्ठे दिले, घरी नेऊन भिंतीला टेकवा म्हणाली, दोन दिवस बघा आणि मग या. गाडीत तो म्हणाला, "अगं, आकडाच आहे." मी म्हटलं, "मी काही बोलले का?"

हेनिंगच्या लेकीची, तूवाची, आमच्याकडची खोली उत्तरेला आहे. भिंती भाड्याच्या घरातल्या पांढऱ्या, सगळ्या देशाला माहीत असलेल्या त्या पांढऱ्याच्या. चार वर्षांपासून ती एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा आमच्याकडे राहत होती, आधी हेनिंगच्या जुन्या घरात आणि नंतर इथे. शुक्रवारी शाळा सुटली की दप्तरासोबत व्यायामाचे बूट, गिटार आणि तोंडावरचं एक विशिष्ट मौन घेऊन यायची. नाताळनंतर तिचे आठवडे आखडले. आधी गुरुवारी आईकडे, मग बुधवारी. आता फक्त आमच्या आठवड्यातले शनिवार-रविवार, आणि मधल्या एखाद्या दुपारी आली तर आली. ती खोलीला हॉटेल म्हणते. भांडत नाही. "इथे मला झोप येत नाही," एवढंच म्हणते. बारा वर्षांच्या मुलीने सांगितलं की मी तिकडेच राहणार, तर आमच्या देशात तिचं ऐकतात, आणि ऐकलंच पाहिजे. हेनिंगला याची भीती वाटते. ती तो बोलून दाखवत नाही, फक्त रात्रीच्या जेवणाला तिची प्लेट मांडतो आणि मग उचलतो. खोली नीट झाली की ती पुन्हा पूर्ण आठवडा राहील, असं त्याने ठरवलंय. माझ्यासारख्या बाईला आमच्याकडे आता सावत्र म्हणत नाहीत, बोनस-आई म्हणतात. बोनस. म्हणजे मूळ पगार दुसरीकडे.

मी दोन्ही पुठ्ठे खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवले आणि दर दोन तासांनी जाऊन बघत राहिले. मार्चचा उजेड, बाहेर अजून बर्फ, त्यामुळे खालून वर फेकला जाणारा निळसर प्रकाश. सकाळी दोन्ही सारखेच दिसले. दुपारी त्याचा पुठ्ठा थंड पडला, धुतलेल्या खडूच्या फळ्यासारखा. माझ्यात थोडी ऊब राहिली. चार वाजता मी पाहिलं तर माझा पुठ्ठा खिडकीच्या जरा जवळ होता, आणि त्याचा कपाटाच्या सावलीत. मीच केव्हातरी सरकवला असणार. मी कागदाच्या कारखान्यात शुभ्रता मोजते. वीस वर्षं हेच काम. नमुना कुणाचा आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम, कारण माणूस ज्याच्या बाजूने असतो त्याच्या बाजूने त्याचे डोळेही असतात. मी पुठ्ठा जागेवर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा सरकवला.

जन्मायच्या आधी, असं तो म्हणाला होता. म्हणजे तूवाची आई उल्रिका सात-आठ महिन्यांची गरोदर असणार. मी ते दृश्य मुद्दाम उभं केलं नाही, ते आपोआप उभं राहत गेलं, आणि दर वेळी त्यात एकेक वस्तू वाढत गेली. जमिनीवर वर्तमानपत्रं. उघड्या खिडकीतून येणारी जून महिन्याची हवा. ती दारात उभी, कमरेला हात लावून, कारण त्या महिन्यात पाठ दुखते असं म्हणतात. मला मूल नाही, त्यामुळे ते ऐकूनच माहीत. आणि तो शिडीवर. त्या दिवशी तो बोलत असेल. माझ्याशी तो काम करताना बोलत नाही. माझं स्वयंपाकघर आम्ही मिळून रंगवलं तेव्हा त्याने कानात रेडिओ घातला होता. उल्रिका दातांची डॉक्टर आहे. मी तिला शाळेच्या कार्यक्रमांत पाहिलंय. उंच, सैल स्वेटर, हातांना लवंगेच्या तेलाचा वास. एकदा तिने मला लिंगनबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली होती आणि म्हणाली होती, "तूवा तुझ्याबद्दल छान बोलते." वाईट बाई असती तर काम सोपं झालं असतं. बरणी मी उघडली नाही. ती अजून कपाटात मागे आहे, आणि दर वेळी मीठ काढताना माझ्या हाताला लागते.

रविवारी कॉफी पिताना मी त्याला विचारलं, "माझे डोळे कुठल्या रंगाचे आहेत?"

त्याने वर पाहायच्या आत मी डोळे मिटले.

"हे काय आता? निळे. निळसर. राखाडीकडे जाणारे."

"कुठला राखाडी?"

"मारित." माझं नाव उच्चारून त्याने कप खाली ठेवला. "मला त्या पोरीला घरी आणायचंय. बाकी काही नाही. तू त्या रंगात काय बघतेस ते मला कळत नाही."

मी डोळे उघडले. पुठ्ठ्यात मी काय बघत होते हे त्याला सांगता आलं नसतं. मला हवी होती या घरात एक भिंत, जी आधी कुणी निवडलेली नाही. माझं कार्ड मी स्वतः शोधलं होतं, शंभर राखाडींतून, कुणाला न विचारता. तेवढंच.

बुधवारी दुपारी तूवा गिटारचं पुस्तक न्यायला आली. हेनिंग शाळेतच होता. बूट न काढता दारातच उभी राहून तिने पेन्सिलींचा डबा उघडला आणि टिश्यूत गुंडाळलेला एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. पाच क्रोनांच्या नाण्याएवढा, एका बाजूला राखाडी, दुसऱ्या बाजूला पांढरी भुकटी.

"भिंत आहे," ती म्हणाली. "पलंगामागची. चीज कापायच्या रंध्याने काढली. आईला सांगू नकोस. रंध्यालाही खरचटलंय."

"का पण?"

"पप्पा म्हणतात त्यांना आकडा पाठ आहे. पप्पांना तर माझ्या वर्गाचं नावही पाठ नसतं." तिने नाक पुसलं. "तू मोजतेस ना? तुझ्याकडे मशीन आहे. तू मोज. म्हणजे बरोबर येईल."

तिने माझ्याकडे काही मागितलं अशी ही पहिलीच वेळ होती. मी हो म्हटलं. गेल्यावर जिन्यातून तिचा आवाज आला, "नीट मोज हं!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेल्यावर, मी तुकडा यंत्राखाली ठेवला. तीन वेळा मोजला, फिरवून पुन्हा तीन वेळा. आकडे पडद्यावर आले तेव्हा मला आधी वाटलं, मी चुकून माझाच पुठ्ठा ठेवला. वीस-शून्य-पाच, वाय-वीस-आर. फरक इतका कमी की तो फरकच नव्हे, सात वर्षांच्या धुळीचा हिशेब. मग मी तुकड्याची कड भिंगाखाली धरली. खाली भिंतीची भुकटी, तिच्यावर राखाडीचा एक थर, त्यावर घासकागदाच्या बारीक रेघा, आणि रेघांवर दुसरा राखाडी. घासल्याशिवाय पुन्हा रंग लावू नये हे बहुतेकांना माहीत नसतं. उल्रिकाला होतं. सुरीच्या टोकाने मी वरचा थर कणाकणाने काढला आणि खालचा मोजला. वीस-शून्य-दोन-वाय. हेनिंगची स्मरणशक्ती निर्दोष होती. खालचा थर एका कडेला विनाकारण जाड होता, तिथे ब्रश दोनदा फिरल्यासारखा. ते मला कळलं नाही. मी वहीत टिपून ठेवलं.

दोन थरांतला फरक यंत्राच्या मापात तीनच्या थोडा वर. एकच्या खाली असला तर सरावलेल्या डोळ्यालाही कळत नाही. तीन असला तर सरावलेल्या डोळ्याला दिसतो आणि बाकीच्यांना नुसतं वाटत राहतं, की काहीतरी बदललंय. हेनिंग त्या घरातून निघाला तेव्हा तूवा पाच वर्षांची होती. त्यानंतर तो तिथे उंबऱ्यापर्यंतच जातो. म्हणजे तो गेल्यावर उल्रिकाने त्याचा राखाडी घासला आणि त्याच्यावर दुसरा चढवला, घरातल्याही कुणाच्या लक्षात येऊ नये इतका जवळचा. किती शांतपणे पुसलं तिने त्याला. आणि मी? मी शंभरांतून जे एकमेव कार्ड स्वतःचं म्हणून उचललं, ते तिने सात वर्षांपूर्वी उचललं होतं. कदाचित गेर्दच्याच दुकानातून, कदाचित तेवढाच वेळ उभी राहून. त्याचा रंग लावला तर तो त्याच्या आणि तिच्या जून महिन्याचा. माझा लावला तर तो तिचा एकटीचा. माझ्यासाठी एकही राखाडी उरला नव्हता. खाली लोक वाटाण्याचं सार पीत होते, गुरुवार होता, त्या दिवशी सगळीकडे तेच असतं, जिन्यापर्यंत वास येत होता. मी यंत्राची काच पुसली. ती स्वच्छच होती.

फोनवर तूवाचा निरोप आला. "मोजलंस?" मी लिहिलं, "हो." तिने उंच उडी मारणाऱ्या बेडकाचं चित्र पाठवलं.

त्याच संध्याकाळी मी हेनिंगला म्हणाले, "तुझाच घेऊ. वीस-शून्य-दोन." तो इतका आनंदला की उठून त्याने मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "थँक्स, मारित. तुला पटत नाही ते कळतं मला." मी बटाटे सोलत राहिले. माझ्या डोक्यात सगळं मांडून तयार होतं, एखाद्या प्रयोगाच्या आराखड्यासारखं. मी काहीच करायचं नव्हतं. तो रंग लावेल, पोरगी दारात येईल, आणि म्हणेल की हा तो नाही. मग तीच सांगेल की आईने तुझा रंग झाकला. माझ्या तोंडून एक शब्द गेला नसता. आणि मला त्याचा चेहरा बघायला मिळाला असता. तेवढं एक मोजमाप मला हवं होतं. ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने घेता येत नव्हतं.

शुक्रवारी कारखान्यातून लवकर निघून मी दुकानात गेले. गेर्दने डबा यंत्रात हलवला, झाकणावर चिठ्ठी चिकटवली. "जिंकला का नवरा?" ती म्हणाली. "एखाद्या वेळी जिंकू द्यावं. आठवडाभर भांडी घासतात." मी डबा गाडीत ठेवला आणि चावी फिरवली नाही. काचेवर वाफ धरली. नीट मोज हं, जिन्यातून आलेला तो आवाज. मग मी परत आत गेले आणि दुसरा मागितला. गेर्दने काही विचारलं नाही, हे तिचं मोठेपण. मी तो डबा मागच्या बाजूला ठेवला आणि त्याच्यावर ब्लँकेट टाकलं.

घरी पोचले तेव्हा तूवा आलेली होती. हेनिंगने फर्निचर मधोमध ओढून झाकलं होतं, ओट्यावर शुक्रवारच्या टाकोंचं सामान कापून ठेवलं होतं, आणि तो शीळ घालत होता. रंग लावण्याआधी भिंतीवर नावं लिहायची ही आमच्याकडची जुनी रीत आहे. पूर्वी भिंतींना कागद चिकटवणारे कारागीर पेन्सिलीने तारीख लिहीत, आता लोक ब्रशनेच काहीबाही रंगवतात, मग सगळं झाकलं जातं. त्याने डबा उघडला, रुंद ब्रश बुडवला आणि पलंगाची जागा होती तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं, तूवा. खाली हेनिंग. तो पुन्हा ब्रश बुडवायला वाकला तेवढ्यात तूवा म्हणाली,

"पप्पा, हा तो नाही."

"तोच आहे. ओला आहे म्हणून तसा दिसतोय. वाळला की—"

"नाही. हा निळा आहे. आमचा असा नाही."

"अगं बाई, मी स्वतः लावलाय तो! तू पोटात होतीस."

"तो आईने बदलला. मी पाच वर्षांची होते. आजोबा आले होते शिडी घेऊन." तिने हे वाईट वाटावं म्हणून सांगितलं नाही. तिच्यासाठी ती जुनी गोष्ट होती. "पण तू लिहिलेलं आहे खाली अजून. बोटाला लागतं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर. मी झोपताना त्यावरनं बोट फिरवते."

मी त्याचा चेहरा पाहिला. ज्यासाठी सगळं केलं होतं ते घडलं, आणि मी समोर उभी होते, उजेडही चांगला होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच मोठं झालं नाही. फक्त ओठ जरा उघडे राहिले आणि डोळे ओल्या अक्षरांवरून भिंतीच्या रिकाम्या भागाकडे गेले, जणू तिथे दार होतं आणि आता नाही. सात वर्षांनंतरही दुखण्याएवढं शिल्लक होतं. मला आकडा हवा होता, तो मिळाला. तो परत देता येत नव्हता.

"मग तो कुठला आहे?" त्याने विचारलं.

"मारितला माहितीये. मी तिला तुकडा दिला होता. तिने मोजलाय." तूवा माझ्याकडे वळली. "मोजलास ना?"

"आणते," मी म्हणाले.

जिना उतरताना एक थाप तयार झाली. गेर्दने चुकीचा डबा दिला, म्हणेन. ब्लँकेट बाजूला केल्यावर झाकणावरची चिठ्ठी दिसली: आकडा, तारीख, वेळ. नखाने ती निघाली असती. मी नख लावलं आणि काढून घेतलं. वर जाऊन डबा दुसऱ्या डब्याशेजारी ठेवला. हेनिंग उकिडवा बसला. त्याने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, तो जुनी कागदपत्रं वाचतो तशा, बोट ठेवून.

"तीन दहा," तो म्हणाला. "तीन बावीस. बारा मिनिटं काय करत होतीस?"

"गाडीत बसले होते."

त्याने चिठ्ठीवरचं बोट काढलं. मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दुसऱ्या डब्याचं झाकण उचकटलं, आत पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि हा तुझा? तू निवडलेला?"

"तिचाही," मी म्हणाले.

तूवाने काठीने रंग ढवळून एक ठिपका भिंतीवर लावला, मागे सरकून डोळे बारीक केले आणि मान हलवली. "हा. हाच." तिला आमच्यात काय चाललंय ते कळलं नसावं, किंवा मुलांना कळतं तसं कळून तिने ते बाजूला ठेवलं असावं. तिने पहिल्या डब्यातला ब्रश उचलून माझ्यापुढे धरला. त्याच्यावरून तो थंड राखाडी ओघळून तिच्या मनगटावर आला.

"तुझं राहिलं," ती म्हणाली.

"वरून झाकणारच आहोत ना."

"म्हणून तर. जाड काढ. पातळ काढलंस तर नंतर लागत नाही."

हेनिंग खिडकीपाशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून. मी ब्रश बुडवला, निथळू दिला नाही, आणि त्याच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. एकेका अक्षरावरून दोनदा ब्रश फिरवला. आता ही भिंत त्या भिंतीसारखीच होणार होती, खाली त्याचा आणि वर तिचा, दोन्ही थर जिथल्या तिथे. वाळायला चार तास लागतात. टाको खाऊन झाल्यावर मी परत आले तेव्हा तूवा तिथे बसली होती आणि माझ्या नावावरून बोट फिरवत होती. तिचं बोट राखाडी झालं होतं.

"अजून ओलं आहे," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "केवढं जाड काढलंयस."